पाहुणीचा घात

१

"मेली! पाहुणी मेली!"

डॉक्टर सूक्ष्मदर्शकासमोरून असे ताडकन उठले की त्यांचं स्टूल मागे कलंडलं. आम्ही बाकीचे अजून पांढऱ्या कोटांची बटणं लावत होतो. परीक्षेची सकाळ होती.

बाहेरून कुणी ऐकलं असतं तर त्याने पोलिसांनाच फोन लावला असता. पण पाहुणी म्हणजे तळहातावर मावणारा प्लास्टिकचा एक चपटा फ्लास्क. त्यात गुलाबी पोषक द्रव, द्रवाच्या तळाशी माणसाच्या रक्तपेशींचा पातळ थर, आणि त्या पेशींच्या आत राहणारे मलेरियाचे परजीवी. ते आले होते एका शिंपीणबाईंच्या रक्तातून. त्यांचा ताप नेहमीच्या औषधाला दाद देत नव्हता. डॉक्टरांनी दुसरं औषध देऊन त्यांना कसंबसं वाचवलं, पण त्याआधी थोडं रक्त काढून ठेवलं. त्यांच्या खोऱ्यात तसे आणखी तापकरी निघायला लागले होते. जुनं औषध खरंच निकामी झालंय का, हे सांगू शकणारा एकच साक्षीदार होता, आणि तो त्या फ्लास्कमध्ये होता.

"सरका," बाई म्हणाल्या.

बाई म्हणजे आमच्या गुरू. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, आवाज इतका हळू की वर्ग आपोआप चिडीचूप व्हायचा. मलेरियाचा परजीवी माणसाच्या शरीराबाहेर जिवंत कसा ठेवायचा हे शिकायला आम्ही चौघं त्यांच्याकडे आलो होतो. त्या जे शिकवायच्या ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. फ्लास्क उजेडाकडे तिरका धरून त्या तळाच्या रक्ताचा रंग बघायच्या आणि म्हणायच्या, "हे उपाशी आहेत," नाहीतर "इथे गर्दी झालीय." मग आम्ही थेंबभर रक्त काचपट्टीवर पसरून ती काच रंगवायचो, भिंगाखाली मान मोडेपर्यंत परजीवी मोजायचो, आणि बाईंचंच खरं निघायचं. ज्यांच्या गावी कमी ऑक्सिजनच्या गॅसचे सिलिंडर मिळत नाहीत त्यांच्यासाठी त्यांनी मोठ्या काचेच्या बरणीत मेणबत्ती लावून दाखवली होती. ज्योत विझली की बरणीची तोटी बंद. "आपल्याला घुसमटवणारी हवाच यांना मानवते. पाहुण्याच्या आवडीचं करायचं, आपल्या नाही."

बाई बराच वेळ भिंगातून पाहत राहिल्या. आम्हाला वाटलं त्या रडतायत. पण त्यांनी मान वर केली तेव्हा डोळे कोरडे होते, आणि कपाळावर मला पूर्वी कधी न दिसलेली एक आठी होती.

"या खोलीतून आज कुणी बाहेर जायचं नाही," त्या म्हणाल्या.

२

इन्क्युबेटर, म्हणजे अंगातल्या तापमानाइतकं गरम ठेवणारं ते कपाट, एकच होतं. वरच्या फळीवर पाहुणी. खालच्या फळीवर आमच्या चौघांचे सरावाचे फ्लास्क. त्यांत वाढत होता संस्थेतला जुना वाण, ज्याला आम्ही 'घरची मंडळी' म्हणायचो. वर्षानुवर्षं काचेतच वाढलेले, सवयीचे, फारसे रुसत नसत.

"वीज गेली असेल," मी म्हणाले.

"मग घरची मंडळीही गेली असती," डासताई म्हणाली. "माझी ठणठणीत आहेत. आत्ताच पाहिलं."

"द्रव खराब?" मी विचारलं.

"सगळ्यांना एकाच बाटलीतला द्रव," डॉक्टर तोडून म्हणाले. "रक्तही एकाच पिशवीतलं. हे कुणीतरी केलंय. मुद्दाम." आणि त्यांनी सरळ डासताईकडे पाहिलं.

त्याला कारण होतं. डासताई कीटकतज्ज्ञ. तिच्या शहरात डासांच्या पिंजऱ्यांनी भरलेली अख्खी खोली होती, आणि डासांची गोष्ट निघाली की ती लेकरांबद्दल बोलावं तसं बोलायची. डासात जाऊ शकणारं परजीवीचं रूप म्हणजे चंद्रकोर. खरंच कोरीसारखी दिसते. घरची मंडळी चंद्रकोरी बनवायच्या कधीच विसरून गेली होती. डासांचं तोंडही त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं नव्हतं. पाहुणीत मात्र चंद्रकोरी होत्या. डासताईने त्यांतल्या थोड्या मागितल्या, बाईंनी "अजून नाही" म्हटलं, आणि ती सगळ्यांसमोर फणकारली, "एक दिवस मी तो फ्लास्कच उचलून नेईन!"

"बोलले म्हणून केलं असं होतं का?" डासताईचा चेहरा लाल झाला. "आणि न्यायचा असता तर मारला कशाला असता?"

"हाताळताना मेला असेल."

"माझ्या हातून? डॉक्टर, तुमच्या हातांत औषधाची बाटली शोभते, फ्लास्क नाही!"

सर मध्ये पडले. "भांडू नका. कृपा करून भांडू नका."

आमच्यात वयाने मोठे सरच. विद्यापीठात विभागप्रमुख. त्यांनी लिहिलेलं मलेरियाचं पाठ्यपुस्तक वाचूनच आम्ही तिघं पास झालो होतो. पण परजीवी त्यांनी पुस्तकातच पाहिलेला. गावाकडे ताप वाढला, तपासायला कुणी नाही, म्हणून निवृत्तीच्या उंबरठ्यावर ते पिपेट धरायला शिकायला आले. हात थरथरायचे. एकदा त्यांच्या फ्लास्कमध्ये बुरशी आली, एकदा उपासमार झाली, आणि प्रत्येक वेळी ते बाईंची माफी मागून नव्याने सुरुवात करायचे. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं. इतक्या मानाच्या जागेवरून उठून पहिल्या बाकावर येऊन बसायला छाती लागते.

"काल संध्याकाळी वर्ग सुटल्यावर," बाईंनी विचारलं, "इथे एकटं कोण कोण आलं होतं?"

 आलो होतो आम्ही सगळेच.

३

प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे होती. मी औषधशास्त्रातली, नवीन औषधं तपासणारी. शेवटी कुलूप लावायचं काम माझ्या वाट्याला आलेलं. म्हणजे संशय पहिला माझ्यावर.

बाईंनी एकेकाला द्रवाच्या बाटल्या ठेवायच्या छोट्या थंड खोलीत बोलावलं. पहिली मी गेले.

"तुझ्याकडून किल्ली कुणी घेतली?" त्यांनी मला विचारलं.

"सगळ्यांनीच, बाई. डॉक्टरांना पाहुणीला एकदा बघायचं होतं. ते रोजच बघतात, झोपलेल्या लेकराला बघावं तसं. डासताईला कपाटाचं तापमान तपासायचं होतं. आणि सर चष्मा विसरले होते."

"आणि तू?"

"मी कुलूप लावताना टेबलं पुसली. तेवढंच."

"टेबलावर काय काय होतं?"

मी आठवून सांगितलं. प्रत्येकाच्या टेबलावर टाकाऊ द्रव मारायची ब्लीचची बाटली. पिपेटींचे डबे. आणि धुवायच्या भांड्याजवळ साखरपाण्याची बाटली, अर्धी.

"अर्धी?" बाई एकदम थांबल्या.

साखरपाणी हे आमचं नाव. ते असतं सॉर्बिटॉलचं पाणी. फ्लास्कमधले परजीवी लहानमोठे, वेगवेगळ्या वयाचे असतात. त्यांना एका वयाचे करायचे तर या पाण्याने अंघोळ घालायची. लहान असतात ते टिकतात, मोठे असतात ते आपल्या रक्तपेशीच्या घरासकट फुटून जातात. ही अंघोळ आज सकाळी, परीक्षेतच घालायची होती, कारण काल दुपारी सगळ्यांची मंडळी मोठी झालेली होती. बाईंनी बजावून सांगितलं होतं, "आज कुणी साखरपाण्याला हात लावायचा नाही. लेकरं होऊ देत, मग."

नंतर डासताई थंड खोलीतून बाहेर आली ती रागाने हुंदके देत. डॉक्टर आले ते दाराला लाथ मारून. सर आले ते भिंतीचा आधार घेत.

"परीक्षा होणार," बाई म्हणाल्या. "प्रत्येकाने आपापल्या फ्लास्कची काच करून माझ्याकडे द्या."

"आत्ता?" डॉक्टर ओरडले. "पाहुणी मेलीय आणि तुम्हाला परीक्षा सुचतेय?"

"हो," बाई शांतपणे म्हणाल्या. "आत्ताच सुचतेय."

४

आम्ही कापऱ्या हातांनी रक्ताचा थेंब काचेवर ओढला, वाळवला, जांभळ्या रंगात बुडवला. फक्त एकाचे हात कापत नव्हते, आणि ते पाहून मी चकित झाले. सर! द्रव आधी कोमट केला, तिरकी पिपेट, तळाच्या रक्ताला धक्का न लावता जुना द्रव काढला, नवा भिंतीवरून सोडला, गॅसचा झोत दिला, झाकण. जणू जन्मभर तेच करत आले होते.

बाईंनी एकेक काच पाहिली. सरांच्या काचेपाशी किंचित थांबल्या.

"सर, तुमच्याकडे भरपूर जीव आहे आज."

"अरे वा!" मी मनापासून म्हणाले. "सर, जमलं की! पहिल्यांदाच!"

सर हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि टेबल पुसायला लागले. टेबल स्वच्छच होतं.

मग बाईंनी आमचे चारही फ्लास्क हूडमध्ये, म्हणजे निर्जंतुक हवेच्या त्या काचेच्या चौकटीत नेले आणि आमच्याकडे पाठ करून काहीतरी करत बसल्या. आम्हाला वाटलं, गुण देताहेत.

तेवढ्यात दार उघडलं आणि संचालक आत आले. वाईट बातमीला पाय असतात म्हणतात, या बातमीला चाकं होती.

"मी सगळं ऐकलंय," ते म्हणाले. "बाई, तुमचा हा वर्ग मी आग्रहाने चालवला. आता लोक विचारतील, रुग्णाचा एकमेव नमुना शिकाऊ लोकांच्या खोलीत ठेवलाच कसा? जिने फ्लास्क पळवायची धमकी दिली तिने दुपारच्या गाडीने परत जावं. आणि हे सरावाचे सगळे फ्लास्क जेवणानंतर ब्लीच घालून नष्ट करा. काय संसर्ग असेल देव जाणे."

डासताईने बाईंकडे पाहिलं. बाई तिची बाजू घेतील असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं होतं.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "जेवणानंतर. प्रत्येकाने आपला फ्लास्क आपल्या हाताने मारायचा. आणि एक गोष्ट सगळ्यांना सांगते, डॉक्टरांना ती माहीत आहे. पाहुणीचा एकही थेंब नायट्रोजनच्या टाकीत गोठवलेला नाही. काल मी कुप्या आणल्या होत्या, पण मंडळी मोठी झाली होती. गोठवायचं तर लहान असतानाच, नाहीतर जगत नाहीत. म्हणून आजच्यावर ढकललं. जे होतं ते त्या एका फ्लास्कमध्येच होतं."

कुणाच्या तरी हातून पिपेट खाली पडली. कुणाच्या, ते पाहायला मी वळेपर्यंत सगळ्यांचे हात रिकामे होते.

५

जेवणाची सुट्टी संपली. डासताई कॉरिडॉरमध्ये बॅग भरत बसली होती, आणि बॅगेची चेन लागत नव्हती म्हणून तिच्यावरच राग काढत होती. आम्ही तिघं आपापल्या टेबलाशी उभे राहिलो. समोर फ्लास्क, शेजारी ब्लीच. संचालक दारात घड्याळ बघत.

डॉक्टरांनी डोळे मिटून ओतलं. गुलाबी द्रव पाहता पाहता रंगहीन झाला. मीही ओतलं. इतके दिवस सकाळ-संध्याकाळ ज्यांना खाऊ घातलं, त्यांना मारताना कसंतरीच झालं.

सरांनी बाटलीचं झाकण काढलं. बाटली फ्लास्कवर नेली. आणि तिथेच थांबले. 

"सर, उशीर होतोय," संचालक म्हणाले.

बाई सरांच्या शेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या.  फक्त त्यांच्या हाताकडे बघत होत्या.

बाहेरून बॅगेची चेन एकदाची लागल्याचा आवाज आला आणि डासताईची पावलं जिन्याकडे निघाली.

सरांनी ब्लीचची बाटली खाली ठेवली.

"तिला थांबवा," ते म्हणाले.  "तिचा काही दोष नाही. पाहुणी मेलेली नाही. पाहुणी ही आहे."

६

डॉक्टर सरांच्या अंगावर धावून जाणार तोच बाईंनी नुसता हात आडवा केला. डासताई बॅगेसकट परत आली. सर भिंतीला टेकून उभे होते.

"मी सांगू, की तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे?"

"सकाळपासून."

"मग तुम्हीच सांगा, बाई. मला शब्द सापडायचे नाहीत."

डॉक्टरांनी सकाळी पाहिलेली ती काच बाईंनी पुन्हा भिंगाखाली सरकवली.

"डॉक्टर, तुम्ही यात मेलेले परजीवी पाहिले का?"

"नाही. काहीच नव्हतं. म्हणूनच तर..."

"तेच. थंडीने किंवा उष्णतेने मेले असते तर पेशींच्या आत त्यांची मढी दिसली असती. इथे मढी नाहीत. पेशींच्या बाहेर काळे ठिपके विखुरलेत. हा काळा कण मोठ्या परजीवीच्याच पोटात असतो. म्हणजे मोठी मंडळी घरासकट फुटली. आपल्या वेळेने फुटली असती तर शेजारच्या पेशींत त्यांची लेकरं दिसली असती. लेकरंही नाहीत. मग फोडलं कुणी?"

"साखरपाण्याने," मी म्हणाले. अर्धी बाटली डोळ्यांसमोर आली.

"हो. आणि तिथेच मला कळलं की हा घातपात नाही. ज्याला मारायचंय त्याच्या हाताशी ब्लीच होतं. साखरपाणी घालतो तो माणूस आपली मंडळी नीट वाढावीत म्हणून घालतो. वेळ चुकली, एवढंच. पण आपली मंडळी म्हणजे कुणाची? पाहुणीला अंघोळ घालायचं कुणालाच कारण नव्हतं."

"पण चिकटपट्टीवर नाव तर पाहुणीचंच होतं," डॉक्टर म्हणाले.

"पट्टी काढून दुसऱ्या फ्लास्कला लावता येते. परजीवीची जात बदलता येत नाही. डासताई, साखरपाण्याने चंद्रकोरींचं काय होतं?"

डासताईचा चेहरा हळूहळू उजळला. "काही नाही! पिकलेल्या चंद्रकोरी चिवट असतात. बाकीचे फुटले तरी त्या राहतात. बाई, या काचेत चंद्रकोरी..."

"एकही नाही. काल पाहुणीत होत्या. म्हणजे मेलेला फ्लास्क पाहुणीचा नव्हताच, घरच्या मंडळींचा होता. मग जिवंत पाहुणी दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने खालच्या फळीवर बसलेली असणार. म्हणून परीक्षा घेतली. तीन काचांत घरची मंडळी. चौथीत चंद्रकोरी."

 मग सरच बोलले.

"माझे हात सावकाश चालतात. परीक्षेत सगळ्यांचा खोळंबा होईल, म्हणून म्हटलं, आपली अंघोळ आदल्या संध्याकाळीच उरकू. बाईंनी बजावलं होतं तरी मंडळींचं वय बघायचं राहिलं. माझ्याच पुस्तकात लिहिलेलं आहे ते, आणि मीच विसरलो. काच पाहिली तर सगळं संपलेलं. हात हलवत गावी जायचं धैर्य झालं नाही. तुमच्यापैकी कुणाचा फ्लास्क घेतला असता तर त्याची परीक्षा बुडाली असती. बाईंनी कुप्या आणलेल्या पाहिल्या होत्या. वाटलं, पाहुणी टाकीत सुरक्षित आहे, हा एक फ्लास्क गेला तरी तिचं काही अडणार नाही. सकाळी डॉक्टरांचा चेहरा पाहिला तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडेना." ते डासताईकडे वळले. "तुझी बॅग भरली जात होती तरी उघडेना. माफी मागायचीही माझी लायकी नाही."

"आणि ओतलं असतंत तर?" डॉक्टर कडाडले. "बाई, तुम्ही पण! सगळं माहीत असून ब्लीचची बाटली त्यांच्या हातात दिलीत?"

बाईंनी हूडकडे बोट दाखवलं. तिथे गॅसची बरणी होती, आणि बरणीत एक छोटा फ्लास्क.

"सकाळीच अर्धी पाहुणी काढून घेतली होती. सर ओतणार नाहीत याची मला जवळजवळ खात्री होती. पण जवळजवळच्या भरवशावर मी कुणाचा जीव ठेवत नाही."

संचालकांनी घसा खाकरला. "मग यांच्यावर कारवाई..."

"यांना प्रमाणपत्र मिळणार नाही," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्गाला पुन्हा पहिल्या बाकावर बसतील. चोर शोधायचा असता तर मी भिंगातून बघून लगेच नाव सांगितलं असतं. पण यांच्या गावी ताप आहे आणि काच वाचणारं कुणी नाही. मला माणूस परत हवा होता. तो स्वतःहून बोलला तरच परत मिळतो." मग त्या सरांना म्हणाल्या, "आज सकाळी पाहुणीचा द्रव बदललात तेव्हा तुमचे हात कापत नव्हते. का, सांगा."

सरांनी फ्लास्ककडे पाहिलं. "भीती होती. पण माझी नव्हती. तिची होती."

"तसेच हात ठेवा. पाहुणीची लेकरं आता लहान आहेत. गोठवायची वेळ हीच. तुम्ही गोठवणार."

"हे?" डॉक्टर किंचाळले.

"हेच. तुम्ही शेजारी उभे राहा."

७

डॉक्टर उभे राहिले. हाताची घडी, ओठ घट्ट मिटलेले. सरांनी गोठणीचा द्रव थेंबाथेंबाने मिसळला. मिसळताना भांडं सारखं हलवत राहायचं असतं, जरा घाई झाली की पेशी मोडतात. डॉक्टर एकदाही "असं नाही" म्हणाले नाहीत. म्हणायला जागाच नव्हती. कुप्या नायट्रोजनच्या पांढऱ्या वाफेत दिसेनाशा झाल्या. बाईंनी टाकीचं झाकण लावलं.

पण गोठवलेल्याचं काही खरं नसतं. जिवंत राहिलं की मेलं, हे वितळवून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून बाईंनी एक कुपी मुद्दाम बाहेर काढली, वितळवली, मिठाच्या पाण्यांनी हळूहळू धुऊन ताज्या रक्तात सोडली, आणि कपाटात ठेवली. आता काही दिवस वाट बघायची.

त्या काळात डॉक्टर सरांशी एक अक्षर बोलले नाहीत. डासताई बोलली. तिने पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढे चहाचा कप आपटला आणि म्हणाली, "मी विसरणार नाही. पण चहा गार होतोय."

तपासणीच्या दिवशी काच रंगवली सरांनीच. भिंगाखाली डॉक्टर बसले, कारण पाहुणी त्यांची. काच पुढे सरकत होती, मागे सरकत होती. आम्ही चौघंही, बाईंसकट, मागे उभे. डॉक्टरांची पाठ ताठ होती. मग ती पाठ एकदम सैलावली.

काही न बोलता ते उठले. त्यांनी स्टूल पुसलं, जरा खाली केलं, कारण सर उंचीला कमी होते, आणि म्हणाले,

"सर, या. तुम्ही बघा."

सर बसले. बराच वेळ त्यांनी डोळा लावून ठेवला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"किती आहेत?" डासताईला राहवेना.

"मोजतोय," सर म्हणाले. थोड्या वेळाने त्यांच्या तोंडून हसू फुटलं. "मोजता मोजता चुकलो. पुन्हा सुरुवात करतो."

"करा, करा," डॉक्टर त्यांच्या खांद्यामागे वाकून म्हणाले. "घाई कुणाला आहे?"